दादीचा हंडा आणि भाच्याची मशीन

गेल्या बकरीदला माझा भाचा पुण्याहून आला तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये एका इंग्रज म्हाताऱ्याचे व्हिडिओ होते. हा म्हातारा कानाला हेडफोन लावून आणि हातात काठीसारखी मशीन धरून नांगरलेल्या शेतात फिरतो. मशीन वाजली की गुडघ्यावर बसतो आणि मातीतून कधी राणी व्हिक्टोरियाचं नाणं काढतो, कधी कोटाचं बटण. बटण सापडलं तरी त्याला नाण्याइतकाच आनंद होतो. भाचा म्हणाला, "मामू, आपण पण घेऊ एक मेटल डिटेक्टर. छंद म्हणून. वीस हजारांच्या आसपास काहीतरी बसेल."

मी तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. यंत्र म्हटलं की मला मोह होतोच, पण वीस हजारांचा छंद आमच्या घरात कुणी केलेला नाही. मी हसून विषय टाळणार होतो. तेवढ्यात बाजेवर तसबीह घेऊन बसलेली फुप्पी म्हणाली, "उस मशीनसे अम्मा का हंडा मिलता क्या रे?"

खोलीतलं हसणं थांबलं. फुप्पी आता पंचाऐंशीची आहे. हंड्याचं नाव तिनं माझ्यासमोर पहिल्यांदाच काढलं होतं.

हंड्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण ती कुणी पूर्ण सांगत नाही. सप्टेंबर १९४८. आमचं गाव तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात. आधी रझाकारांनी गावोगाव लोकांना छळलं होतं. मग १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आल्या, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली आणि त्यानंतरच्या दिवसांत गावोगावच्या मुसलमानांवर सूड उगवला गेला. त्यातल्या बहुतेकांचा रझाकारांशी संबंध नव्हता. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं सर्वाधिक झळ बसलेले जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आहे. मराठवाडा मुक्त झाला याचा आनंद मी शाळेत दर १७ सप्टेंबरला झेंड्यासमोर उभं राहून मनापासून साजरा केला आहे. पण घरी आल्यावर त्या दिवशी अब्बा जेवायचे नाहीत, हेही मी पाहिलेलं आहे.

त्या दिवसांत एका रात्री दादीनं अंगणातल्या लिंबाखाली तांब्याचा हंडा पुरला. आत तिचे चांदीचे तोडे, मुलीसाठी केलेले वाळे आणि चारमिनारची छाप असलेले हाली सिक्क्याचे रुपये होते. मग ती मुलांना घेऊन निघाली. चार महिन्यांनी परत आली तेव्हा घराचं माळवद खाली आलं होतं, लिंब तोडलेला होता आणि अंगणभर माती पसरली होती. खणून पाहिलं, हंडा मिळाला नाही. अब्बा एवढंच सांगायचे की हंडा कुठं पुरला हे घराबाहेरच्या एकाच माणसाला माहीत होतं. तो माणूस कोण, हे ते कधी बोलले नाहीत, पण शेजारच्या पाटलांच्या घरी आम्ही ईदचा शीरखुर्मा कधी पाठवला नाही. पुढे १९७२ च्या दुष्काळात अर्धं अंगण त्याच पाटलांना विकलं, तेव्हा व्यवहार तिसऱ्या माणसामार्फत झाला.

तर आमच्या छंदाची सुरुवात अशी झाली.

मशीन घ्यायची तर ती समजून घ्यायची, असं मी भाच्याला सांगितलं. तत्त्व नववी-दहावीच्या पुस्तकातलंच आहे. मशीनच्या खालच्या टोकाला ताटाएवढी चकती असते, तिला कॉइल म्हणतात. तिच्यातल्या एका वेटोळ्यातून सतत उलटसुलट वीज वाहते, त्यामुळे जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र शिरतं. खाली धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि चकतीतलं दुसरं वेटोळं ते टिपतं. परत येणारा संकेत किती मागे पडून आला यावरून मशीन अंदाज करते की खाली लोखंड आहे, तांबं आहे की चांदी. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला असंच यंत्र वापरलं होतं. गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राला गोंधळात टाकलं, असं सांगतात. ही गोष्ट मी वर्गात रंगवून सांगायचो. पुढे आमच्यावरच ती वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

बाजारात पाहू लागलो तेव्हा पहिल्यांदा दिसली ती फसवणूक. 'पन्नास फूट खोलीवरचं सोनं ओळखणारी मशीन', 'फक्त सोन्यावर वाजणारी मशीन', पुढे अँटेना लावलेली पिस्तुलासारखी वस्तू. हे सगळं खोटं आहे. अशीच अँटेना लावलेली एडीई ६५१ नावाची वस्तू एका इंग्रज व्यापाऱ्यानं बॉम्ब ओळखणारं यंत्र म्हणून इराकला विकली. आत काहीही नव्हतं. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, पण तोवर चौक्यांवर त्या अँटेनेच्या भरवशावर माणसं मेली होती. आपल्याकडे तांदूळ ओढणारं भांडं, म्हणजे 'राइस पुलर', दाखवून लाखो रुपये उकळणाऱ्या टोळ्या आहेत. त्याच्याही खाली आणखी भयंकर थर आहे. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की गुप्तधन दिसतं, धनावर नाग असतो, त्याला बळी द्यावा लागतो, या समजुतींपायी आपल्या राज्यात लेकरं मारली गेली आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या सूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं आहेत. आपल्या समाजातही 'दफीना' काढून देणारे आमिल-बाबा कमी नाहीत. मशीन घेणाऱ्यानं पहिली गोष्ट ही लक्षात ठेवावी: खरी मशीन चकतीखालच्या जमिनीतलंच सांगते. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोल, फार तर थोडी जास्त. हंड्याएवढी मोठी वस्तू दोन-तीन फूट. त्यापुढचं जो सांगेल त्याला दुरून सलाम करावा.

खऱ्या मशीनमध्ये नवशिक्यासाठी तीन-चार नावं सारखी येत होती. अमेरिकेची गॅरेट एस २०० आणि ३००, ऑस्ट्रेलियाच्या मायनलॅबची व्हॅनक्विश ३४०, आणि तुर्कस्तानची नोक्ता सिम्प्लेक्स प्लस. परदेशात ही दोनशे-तीनशे डॉलरच्या घरातली यंत्रं. इकडे येईपर्यंत आयातीचा खर्च चढून किंमत चांगलीच वाढते, त्यामुळे वीस हजारांचा हिशेब पहिल्या दिवशीच कोलमडला. भाचा म्हणाला, "मामू, तुर्की की लेंगे, मुसलमान मुल्क की है." मी म्हटलं, मशीनला मजहब नसतो, जमिनीला मात्र जात असते. आधी जमीन बघ.

हे मी गंमतीनं म्हटलं, पण निवडीचं मर्म तिथंच आहे. युरोपातल्या शेतात छान चालणारी मशीन आपल्या काळ्या रानात बडबड करते. आपली जमीन बेसाल्टचा खडक झिजून झालेली आहे, तिच्यात लोहाची खनिजं भरपूर. चुंबक मातीत फिरवून काढला की त्याला काळी भुकटी चिकटते, तीच ही. मशीनला ही मातीच धातूसारखी वाटते. म्हणून मशीनला आधी सांगावं लागतं, ही माती आहे, हिच्याकडे दुर्लक्ष कर. याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. धातू नसलेल्या जागी चकती जमिनीवर खाली-वर करायची आणि आवाज शांत होईपर्यंत जुळवायचं. गॅरेटच्या त्या दोन स्वस्त मशीनमध्ये हे कारखान्यातच ठरवून दिलेलं असतं, आपल्याला बदलता येत नाही. व्हॅनक्विश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालते आणि स्वतःच जुळवून घेते. समुद्राच्या ओल्या, खाऱ्या वाळूत तिचा उपयोग जास्त, कारण खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं आणि एकाच फ्रिक्वेन्सीची साधी मशीन तिथं उगाच वाजत राहते. रत्नागिरी-श्रीवर्धनकडच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं. सिम्प्लेक्स बारा किलोहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीची आहे, पण तिचा ग्राउंड बॅलन्स हातानं जुळवता येतो, बॅटरी आतच असून चार्ज होते, आणि ती तीन मीटर पाण्यात बुडाली तरी चालते. आम्हाला पाण्यात जायचं नव्हतं, पण काळ्या मातीसाठी ग्राउंड बॅलन्स हवाच होता. शेवटी तुर्कीच आली. भाचा आठवडाभर मिरवत होता.

नवी परवडेना म्हणून हैदराबादच्या एका गृहस्थाकडून वापरलेली घेतली. त्यांनी लॉकडाउनमध्ये हौसेनं घेतली आणि दोनदा वापरून माळ्यावर टाकली होती. वापरलेली घेताना काय पाहावं ते सांगतो. चकतीपासून निघणारी वायर सांध्याशी वाकवून पाहा, तेव्हा मशीन मध्येच गप्प होते का. चकतीवर हलकी टिचकी मारा, फार किंचाळत असेल तर आत भेग किंवा पाणी आहे. चार्जिंगची पिन हिरवी पडली आहे का ते पाहा. मग मशीन लाकडी टेबलावर ठेवून चकतीसमोरून एक-एक वस्तू फिरवा: चांदीची अंगठी, तांब्याचा तुकडा, खिळा, दहाचं नाणं. कुठे काय आकडा दाखवते ते वहीत लिहा. ही वही पुढे मशीनइतकीच कामाला येते, कारण या मशीनचे अंदाज परदेशी नाण्यांवर बेतलेले असतात.

या वहीतून दोन धडे मिळाले. एक म्हणजे आपली हल्लीची रुपया-दोन रुपयांची नाणी पोलादाची आहेत, चुंबकाला चिकटतात. 'लोखंड नको' असं मशीनला सांगितलं की तीही गळतात. दुसरा धडा जास्त महत्त्वाचा. सोन्याची लहान अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाची ॲल्युमिनियमची पट्टी मशीनला जवळपास सारखीच दिसते. कचरा नको म्हणून तेवढा आकडा बंद केला तर सोनंही गेलं. ज्याला सोनं हवं त्याला शंभर वेळा कचरा उचलावा लागतो. आमच्या लहानपणी लातूरच्या सराफ लाइनीत झारेकरी चाचा यायचे. सोनारांच्या दुकानासमोरची धूळ, भट्टीची राख, गटारातला गाळ गोळा करून पाण्यात धुवायचे आणि परातीच्या तळाशी चिमूटभर कण उरायचे. दिवसभर चिखल उपसून ते तेवढ्यावर खूश असायचे. मशीन आली तरी धंदा तोच आहे.

मशीन घरी आली आणि भाच्याच्या डोळ्यांसमोर किल्ले नाचू लागले. नळदुर्ग, परांडा, आणि तेरचे पांढरीचे टेकाड. मी स्पष्ट नाही म्हटलं. तेर म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वी जिथून रोमपर्यंत माल जायचा ते शहर. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं शासकीय संग्रहालय तिथं आहे, मी दर वर्षी पोरांची सहल तिथं न्यायचो. जमिनीतली वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती, हेच तिचं अर्धं मोल. खड्डा करून ती उचलली की ते मोल कायमचं गेलं. आणि कायदाही आहे. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते. आणि १८७८ पासून चालत आलेला ट्रेझर ट्रोव्ह कायदा सांगतो की जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. न कळवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपये! इंग्रजांनी ठरवलेली ही रक्कम महागाईनंही बदलली नाही.

माणसं हा कायदा वाचत नाहीत, सिनेमा बघतात. मार्च २०२५ मध्ये 'छावा' पाहून आलेल्या लोकांनी बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याची शेतं रात्री टॉर्च लावून खणली, काहींच्या हातात मेटल डिटेक्टर होते. मोगलांचं सोनं सापडणार म्हणून. ज्या बऱ्हाणपुरात मुमताज महल वारली, जिथं मोगलांची टांकसाळ होती, तिथं एखादं नाणं निघणं नवल नाही. पण मुळात शेत कुणाचं, हे विचारायला कुणी थांबलं नाही. ते दृश्य टीव्हीवर पाहिलं तेव्हा मला आमचं अंगण आठवलं होतं.

शरीयतमध्ये हा प्रश्न फार बारकाईनं हाताळला आहे आणि तो मला त्या निमित्तानं पुन्हा वाचायला मिळाला. जुन्या, मालक नसलेल्या दफीन्याला रिकाज म्हणतात. त्याचा पाचवा हिस्सा बैतुलमालचा, म्हणजे सर्वांचा. पण हरवलेली वस्तू सापडली तर ती लुकता. तिची थैली आणि थैलीची दोरी ओळखून ठेवायची, वर्षभर पुकारा करायचा, मालक आला की परत द्यायची. पुरलेल्या धनावर मुसलमानी राजवटीची खूण असली तर बहुतेक फकीह ते लुकतात धरतात, कारण मालकाचे वारस आसपास असू शकतात. योगायोग असा की इंग्रजांच्या कायद्यातही पाचवा हिस्सा आहे, फक्त उलट्या दिशेनं: सरकारला सापडलेलं धन घ्यायचं असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जादा द्यावा लागतो. दादीचा हंडा यांपैकी कशातच बसत नव्हता. त्याचे वारस माहीत होते. मिळाला असता तर तो विरासत होता आणि फुप्पीचा हिस्सा आधी काढावा लागला असता. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मुझे हिस्सा नक्को. है या नहीं, इत्ता बता."

आता प्रश्न जागेचा. लिंब होता तो भाग पाटलांच्या हद्दीत गेलेला. दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय चकती फिरवायची नाही, हा या छंदाचा पहिला नियम. मला आप्पांकडे जावं लागणार होतं. आप्पा म्हणजे त्या पाटलांचे नातू, माझ्याच वयाचे. शाळेत एका वर्गात होतो, पण एकमेकांच्या घरात गेलो नव्हतो. दोन महिने मी पाऊस हे निमित्त केलं. काळी माती ओली होऊन मग वाफसा आला की मशीनला खोलवरचं बरं दिसतं, हे खरं आहे. पण खरं कारण ते नव्हतं.

दिवाळीच्या आधी एकदा गेलो. काय म्हणायचं ते पाठ केलं होतं: छंद आहे, भाच्याची हौस आहे. आप्पांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "सर, हंडाच शोधायचाय ना? खणा की. आमची आजी मरताना पण म्हणत होती, मी नेला नाही म्हणून. आमच्या घरातल्या पोराबाळांनी पण ते ऐकलंय. एकदाचं होऊन जाऊ दे."

म्हणजे आम्ही जे कधी बोललो नाही, ते त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. शीरखुर्मा न पाठवणं हेही एक बोलणंच असतं.

दिवाळीच्या सुटीत आम्ही गेलो. फुप्पीला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. सुतळ्या ताणून पट्टे पाडले, चकती जमिनीला जवळजवळ घासत, एक फेरा दुसऱ्यावर थोडा चढवत भाचा चालू लागला. जुन्या घराची जागा म्हणजे खिळ्यांची खाण. पहिल्या दोन तासांत निघालं ते असं: खिळे एक ओंजळभर, दाराचा कोयंडा, बैलाच्या नालीचा तुकडा, सोड्याच्या बाटल्यांची नऊ झाकणं, गोळ्यांच्या पट्ट्या, एक पितळी घुंगरू. प्रत्येक खड्डा पुन्हा बुजवायचा, हेही मी भाच्याला शिकवलं होतं. आप्पांचा मुलगा खुरपं घेऊन त्याच्याबरोबर बसला होता.

दुपारी जुहरनंतर, पाटलांच्या भिंतीपासून सात-आठ हातांवर मशीन निराळीच वाजली. उंच, साफ आवाज, आकडा चांदीच्या जवळचा, आणि चकती उचलली तरी आवाज येत होता. म्हणजे वस्तू मोठी. कुणी बोलेना. आप्पांनी स्वतः कुदळ घेतली. दीड-दोन फुटांवर लोखंड लागलं. एक मोठं गोल कडं, मोटेच्या तोंडाचं. लोखंड कड्यासारखं गोल असलं की मशीन फसते आणि त्याला भारी धातू समजते. हे मी वाचलं होतं आणि त्या क्षणी विसरलो होतो. बेल साहेबांच्या स्प्रिंगा, दुसरं काय.

सगळे हसले, पण मी आप्पांकडे पाहिलं तर ते घामानं निथळत होते आणि हसत नव्हते. मला पहिल्यांदा कळलं की हंडा निघावा असं माझ्यापेक्षा त्यांना जास्त वाटत होतं.

तेव्हा फुप्पी बोलली, मराठीत, आप्पांशी. "गंजी कुठं होती रे तुमची? कडब्याची?"

आप्पांनी हात दाखवला.

"त्या गंजीत आम्ही दोन रात्री होतो. मी, भाऊ आणि अम्मा. तुझ्या आजीनं ठेवलं होतं. अंधार पडला की भाकरी आणायची. आणि अम्मानं हंडा पुरला तेव्हा कंदील तिनंच धरला होता."

घराबाहेरचं एकच माणूस कोण, ते मला त्या दिवशी कळलं. त्याच माणसानं माझ्या अब्बांना जिवंत ठेवलं होतं, हेही त्याच वाक्यात कळलं. मी अठ्ठावन्न वर्षं हंड्याची गोष्ट ऐकत आलो, गंजीची कधीच ऐकली नव्हती. मी फुप्पीला विचारलं, तू हे आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "भाईजान के सामने कौन बोलता? और तुम लोगाँ पूछे कब?"

अस्रपर्यंत आम्ही उरलेले पट्टे पुरे केले. शेवटी उस्मानिया दोन पैचं एक तांबडं नाणं निघालं. वर तुग्रा, हिजरी साल तेराशे चाळीसच्या घरातलं, शेवटचा आकडा झिजलेला. बस. हंडा नाही.

मशीननं काय सिद्ध केलं? काहीच नाही. माळवदाची आणि भिंतींची माती पडून ते अंगण कमरेएवढं वर आलं आहे. हंडा त्याखाली अजून असू शकतो. लिंब तोडणाऱ्यांनी नेला असू शकतो. आणि हो, कंदील धरणारीनं नेला असू शकतो. एवढ्या खोलीवरचं ही मशीन सांगू शकत नाही, हे मला घेतानाच माहीत होतं. पण कुरआनमध्ये फार गुमान करू नका, काही गुमान गुनाह असतात, असं ज्या सूरतमध्ये आलं आहे ती सूरत मी मुलांना शिकवली आहे आणि तरी दोन पिढ्यांची बदगुमानी मी वारसा म्हणून सांभाळली. तिला पुरावा लागला नव्हता. ती सोडायला मात्र मी पुरावा मागत होतो, वीस हजारांहून जास्त खर्च करून.

नाण्याचं काय करायचं यावर भाच्यानं आप्पांना जिल्हाधिकाऱ्यांची भीती घातली, दहा रुपयांच्या पुढचं आहे म्हणून. फुप्पीनं ते नाणं आप्पांच्या हातावर ठेवलं. त्यांच्या हद्दीत निघालं, त्यांचं.

भाचा पुण्याला गेला, मशीन माझ्याकडे राहिली. आता आसपासच्या गावांतून निरोप येतात. सोयाबीन काढताना एका बाईची मंगळसूत्राची वाटी पडली, ती दोन तासांत मिळाली. एकाच्या शेतात जुन्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह मातीखाली गेला होता, तो शोधून दिला. पैसे घेत नाही. मालक माहीत असलेली वस्तू शोधण्यात जे समाधान आहे ते मला त्या इंग्रज म्हाताऱ्याच्या व्हिडिओत दिसलं नव्हतं. कुणाला नवी मशीन घ्यायची असेल तर माझं सांगणं एवढंच: आधी आपली जमीन ओळखा, ग्राउंड बॅलन्स जुळवता येईल अशी घ्या, जमलं तर वापरलेली घ्या, आणि ज्याच्या रानात फिरायचं त्याच्या घरी आधी चहा प्या.

यंदाच्या रमजान ईदला आप्पांच्या घरी शीरखुर्म्याचा डबा गेला. फुप्पीनं विचारलं, "और गहरी जाने की मशीन आती क्या?"

म्हटलं, येते, पण फार महाग असते.

"रहने दे फिर," ती म्हणाली आणि तसबीह फिरवू लागली.